झाकली मूठ, साठ वर्षांची

१८ मार्च २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं केनेडी खुनाशी संबंधित साठ हजारांवर पानं इंटरनेटवर मोकळी केली. आपल्याकडे तेव्हा १९ तारखेची पहाट होती. मीही सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत त्यात डोकं घालून बसलो होतो. टाइपरायटरवर ठोकलेली पानं, कडेला हातानं खरडलेले आकडे, काही इतकी पुसट की झेरॉक्सची झेरॉक्स वाटावी. सरकारी अहवालात मारेकरी एकच, सगळ्यांना हवा होता तो दुसरा नेमबाज. हाती आलं ते भलतंच.

१९६१ साली केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी सीआयएच्या फेररचनेबद्दल एक टिपण अध्यक्षांना दिलं होतं. त्यातला काही मजकूर इतकी वर्षं झाकलेला होता, तो आता उघडा पडला. केनेडींनी शपथ घेतली त्या दिवशी अमेरिकी वकिलातींतल्या राजकीय अधिकाऱ्यांपैकी ४७ टक्के सीआयएचे होते आणि एकट्या पॅरिसच्या वकिलातीत सीआयएची १२८ माणसं होती, असं त्यात लिहिलंय. बस. साठ वर्षं जिवापाड जपलेलं गुपित काय, तर वकिलातीतले निम्मे साहेब हेर होते. हे रशियनांना ठाऊक नव्हतं असं मानायला माणूस फारच भाबडा असावा लागतो.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुठीत काही नसलं तरी ती मिटलेली असेपर्यंत इभ्रत टिकते, असा तिचा हिशेब. सीआयएचाही तोच हिशेब होता. फक्त लोकांनी त्या मुठीची बोली सव्वा लाखावर थांबवली नाही. ती एका राष्ट्राध्यक्षाच्या खुनापर्यंत नेली.

आधी माझं मत सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींना ली हार्वे ऑस्वाल्डनं मारलं आणि तो एकटाच होता, असं मला वाटतं. बंदूक त्यानं ‘हायडेल’ या खोट्या नावानं शिकागोच्या एका दुकानातून टपालानं मागवली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यानं एडविन वॉकर या माजी जनरलवर खिडकीतून गोळी झाडली होती, ती थोडक्यात हुकली. केनेडींच्या खुनानंतर पाऊण तासानं त्यानं टिपिट नावाच्या पोलिसाला भर रस्त्यात ठार केलं. आणि ज्या पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या, तिथली नोकरी त्याला ऑक्टोबरच्या मध्यात लागली, तीही शेजारपाजारच्या बायकांच्या बोलण्यातून कळलेली. केनेडींचा ताफा त्या इमारतीखालून जाणार हे ठरलं नोव्हेंबरात. कट रचणाऱ्यांना पंचांग बघून भविष्य कळत असेल तरच हे जुळतं.

मग लपवाछपवी झाली नाही का? झाली. भरपूर झाली. ऑस्वाल्डनं मारलं हे खरं आणि सरकारी यंत्रणांनी लपवलं हेही खरं, पण ही दोन वाक्यं एका दमात म्हटली की दोन्हीकडचे लोक अंगावर येतात. एक पक्ष म्हणतो, लपवलं म्हणजे मारलंच. दुसरा म्हणतो, मारलेलं नाही ना, मग लपवण्याबद्दल कशाला बोलता. मला राग दुसऱ्या पक्षाचा जास्त येतो, कारण पहिल्याला दाणापाणी त्यानंच घातलं.

हे पीक कसं उगवतं ते एका फोटोत बघता येतं. खुनाच्या काही आठवडे आधी ऑस्वाल्ड मेक्सिको सिटीला गेला होता. क्यूबाचा आणि रशियाचा व्हिसा त्याला हवा होता. सीआयएचे छुपे कॅमेरे रशियन वकिलातीच्या दारावर रोखलेले होते, फोनही ऐकले जात होते. तिथे टिपलेल्या एका माणसाचा फोटो हा ऑस्वाल्डचा असावा, असा त्यांच्या लोकांचा समज झाला. ऑस्वाल्ड चोवीस वर्षांचा, अंगानं किरकोळ. फोटोतला गडी पस्तिशीचा, पैलवानी बांध्याचा. चूक, सरळ चूक. खुनानंतर हा फोटो घाईघाईनं डॅलसला पोचवला गेला आणि २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी एफबीआयचा एक अधिकारी तो घेऊन ऑस्वाल्डच्या आईकडे, मार्गरीटकडे गेला. ती एका मोटेलात उतरली होती. दाखवण्यापूर्वी त्यानं माणसाच्या मागचं सगळं कापून टाकलं होतं, कॅमेरा कुठे लावलाय ते कळू नये म्हणून. उरला नुसता एक माणूस, आगापिछा नसलेला. दारात उभं राहून तिनं तो पाहिला आणि ओळखत नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोलीस मुख्यालयाच्या तळघरात, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, जॅक रूबीनं तिच्या मुलाला गोळी घातली. पुढे वर्तमानपत्रात रूबीचं छायाचित्र पाहिल्यावर त्या बाईच्या मनानं घेतलं की दारात दाखवला तो हाच. म्हणजे मुलगा मरायच्या आदल्या संध्याकाळी एफबीआयच्या हातात त्याच्या मारेकऱ्याचा फोटो होता! खुनाच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या वॉरन आयोगापुढेही तिनं तेच सांगितलं. आता तिला खोटं कसं पाडणार? पूर्ण फोटो समोर ठेवून मागचं दार दाखवलं असतं, तर विषय तिथेच संपला असता. पण मागचं दार हेच तर गुपित होतं.

यात कुणी कुणाला मारायचा कट केला नव्हता. एका कारकुनी चुकीवर एक सावधगिरीचा थर बसला, त्यावर एका आईचं दुःख बसलं आणि त्याची अफवा झाली. कटाच्या सिद्धांतांना मूर्खपणा म्हणून झटकणाऱ्यांनी ही बाई डोळ्यांसमोर आणावी. ती मूर्ख नव्हती. तिला अर्धा फोटो दाखवला होता.

दुसरा प्रसंग संडासातला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या दिवसांत ऑस्वाल्ड एफबीआयच्या डॅलस कचेरीत स्वतः गेला होता आणि जेम्स हॉस्टी या अधिकाऱ्याच्या नावानं एक चिठ्ठी ठेवून आला होता. हॉस्टी त्याच्या रशियन बायकोची चौकशी करायला घरी जाऊन आला होता, त्याचा त्याला संताप. चिठ्ठी हॉस्टीच्या खणात पडून राहिली. ऑस्वाल्ड मेल्यावर वरिष्ठांच्या सांगण्यावरून आपण ती फाडली आणि संडासात टाकून पाणी सोडलं, हे हॉस्टीनं कबूल केलं तेव्हा १९७५ साल उजाडलं होतं. वरिष्ठांनी कानांवर हात ठेवले. चिठ्ठीत बायकोला त्रास देऊ नका एवढंच होतं, असं हॉस्टी म्हणतो. कचेरीतल्या स्वागतिकेला आठवतं की त्यात इमारत उडवायची धमकी होती. आता कोण खरं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझा अंदाज विचाराल तर चिठ्ठीत फारसं काही नसणार. पण ज्यानं राष्ट्राध्यक्षाला मारलं तो माणूस तीन आठवड्यांच्या आत आमच्या टेबलाशी येऊन गेला होता आणि आम्ही ढिम्म होतो, हे जगाला कळलं असतं. लाज होती ती त्याची.

सीआयएकडे लपवण्यासारखं याहून मोठं होतं. केनेडींवर गोळ्या सुटल्या त्याच दिवशी पॅरिसमध्ये सीआयएचा एक अधिकारी रोलांदो कुबेला या क्यूबन माणसाच्या हाती विषारी सुई बसवलेलं पेन ठेवत होता. क्यूबाचा सत्ताधीश कॅस्ट्रो याला टोचायला. त्याआधी माफियाच्या मदतीनं कॅस्ट्रोला मारायचे बेत आखून झाले होते. यातलं अक्षरही वॉरन आयोगाला सांगितलं गेलं नाही. आयोगाच्या सात सदस्यांत ॲलन डलेस बसले होते. माफियाची ती भानगड सुरू झाली तेव्हा सीआयएचे प्रमुख तेच, आणि क्यूबावरच्या बे ऑफ पिग्ज स्वारीची फजिती झाल्यावर केनेडींनी घरी पाठवलेलेही तेच. भाऊबंदकीच्या पंचायतीला घरातल्याच थोरल्या काकांना पंच नेमावं, तसला प्रकार. कॅस्ट्रोच्या जिवावर उठलेल्या देशाचा अध्यक्ष ऑस्वाल्डसारख्या कॅस्ट्रोच्या भक्तानं मारला, तर त्याचा एकमेकांशी संबंध आहे का, हा साधा प्रश्न आयोगाला विचारताच आला नाही. कारण अर्धी गोष्ट त्याला माहीतच नव्हती.

बरं, हे मी म्हणतो असं नाही. सीआयएचे स्वतःचे इतिहासकार डेव्हिड रोबार्ज यांनी २०१३ साली अंतर्गत नियतकालिकात लिहिलं की तेव्हाचे प्रमुख जॉन मॅकोन यांनी जे केलं ती एक प्रकारची झाकपाकच होती, फक्त हेतू वाईट नव्हता. ऑस्वाल्डनं एकट्यानंच केलं, या निष्कर्षाकडे आयोगाची नजर ठेवायची होती. मॅकोन यांचा स्वतःचा विश्वासही तोच होता. सत्यापर्यंत लोकांनी पोचावं म्हणून पुरावा लपवायचा! ऑस्वाल्ड मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी उपमहान्यायवादी कॅट्झनबाख यांनी व्हाइट हाउसला पाठवलेल्या टाचणातही हाच सूर होता: खुनी ऑस्वाल्डच होता अशी जनतेची खात्री पटली पाहिजे. तपासाला हात लागायच्या आधी निकाल तयार. गंमत म्हणजे निकाल बरोबर होता, निदान माझ्या मते. पण उत्तर बरोबर आणि रीत चोरलेली असली की मास्तर शून्यच देतात, आणि अमेरिकी जनतेनं तेच केलं. गॅलपच्या पाहणीत १९७६ साली ८१ टक्के लोक म्हणत होते की ऑस्वाल्ड एकटा नव्हता. २०२३ मध्येही हा आकडा ६५ टक्के होता.

‘कटाचा सिद्धांत’ हा शब्दच सीआयएनं वॉरन अहवालाच्या टीकाकारांना बदनाम करायला शोधून काढला, असं सर्रास सांगितलं जातं. शब्द त्याआधीपासून होता. पण १९६७ मध्ये सीआयएनं आपल्या परदेशी ठाण्यांना एक परिपत्रक जरूर पाठवलं होतं, टीकाकारांचं म्हणणं कसं खोडावं आणि ओळखीच्या पत्रकारांना कसं हाताशी धरावं याचं. म्हणजे ही अफवासुद्धा अर्ध्या सत्यावर उभी आहे.

कटवाल्यांना मी निर्दोष सोडत नाही. न्यू ऑर्लिन्सचा सरकारी वकील जिम गॅरिसन यानं क्ले शॉ नावाच्या व्यापाऱ्याला १९६७ मध्ये खुनाच्या कटात अडकवलं. खटला उभा राहिला, देशभर चवीनं चघळला गेला आणि १ मार्च १९६९ ला ज्यूरीनं तासाभराच्या आत शॉला सोडलं. तरी गॅरिसननं पाठ सोडली नाही, खोटी साक्ष दिल्याचा नवा आरोप ठोकला. तोही पुढे संघराज्याच्या न्यायालयानं थांबवला, पण तोवर माणूस धुऊन निघाला होता. १९७४ मध्ये शॉ गेला. कटाची गोष्ट कागदावर रंगते, पण तिला खलनायक लागतो, आणि तो शेवटी कुणाच्या तरी घरातून उचलून आणावा लागतो. आता यातही सीआयएचं काय? शॉ परदेशी फिरणारा व्यापारी म्हणून काही वर्षं त्यांना माहिती देत असे. त्या काळी असं करणारे व्यापारी पुष्कळ होते, त्यात गैर काही नव्हतं. पण संस्थेनं ते दाबून ठेवलं. माजी प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी १९७९ मध्ये शपथेवर ते मान्य केलं, आणि मेलेल्या शॉवर नव्यानं संशय सुरू झाला.

गुप्तता नकोच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. खबऱ्याचं नाव फुटलं तर खबऱ्या मरतो. मेक्सिकोतले फोन खुद्द तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या संगनमतानं ऐकले जात होते. हे १९६४ मध्ये बाहेर पडतं तर तिथलं सरकार अडचणीत आलं असतं, हे मला पटतं. २००४ मध्ये पटत नाही. प्रश्न गुप्ततेचा नाहीच मुळी, तिची मुदत कोण ठरवणार याचा आहे. ज्याच्या घरात कचरा आहे त्यालाच केर कधी काढायचा ते विचारलं, तर तो म्हणणार, बघू, पुढच्या दिवाळीला.

१९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं या बाबतीत एक शहाणपणाचा कायदा केला होता. सरकारी चाकरीत नसलेल्या पाच जणांचं मंडळ नेमलं, त्यात बहुतेक इतिहासाच्या आणि अभिलेखांच्या क्षेत्रातली माणसं. काय झाकायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि झाकायचं असेल तर कारण संस्थेनं सिद्ध करायचं. पंचवीस वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१७ ला, उरलंसुरलं सगळं खुलं. मंडळानं लाखो पानं बाहेर काढली. १९९८ ला त्याची मुदत संपली आणि किल्ल्या पुन्हा जुन्याच हातांत गेल्या. २०१७ उजाडलं तेव्हा ट्रम्प यांनी सीआयए आणि एफबीआयच्या सांगण्यावरून बरीच कागदपत्रं अडवली. २०२१ मध्ये बायडेन यांनी आणखी मुदत घेतली, कारण दिलं कोविडचं! आणि अखेर २०२५ ला बांध फुटला तो असा की शेकडो माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही पानांसोबत बाहेर पडले. त्यातले काही जण अजून हयात आहेत. खून झाला तेव्हा कामावर असलेल्या मेलेल्या अधिकाऱ्यांची टोपणनावं साठ वर्षं जपायची आणि जिवंत माणसांचे खासगी आकडे एका संध्याकाळी उधळायचे, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

सगळं उघडं केलं की कटांच्या गोष्टी मरतात, असंही मी म्हणणार नाही. आपलंच उदाहरण आहे. गांधीजींच्या खुनाआधी दहा दिवस, २० जानेवारी १९४८ ला, मदनलाल पाहवा स्फोट घडवून पकडला गेला होता आणि त्याच्या जबानीत पुण्याकडच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाकडे बोट होतं. मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्या कानांवर कटाची गोष्ट घातली होती. तरीही नथुराम ३० तारखेला बिर्ला हाउसवर पोचलाच. या हलगर्जीचा नीट पंचनामा व्हायला १९६९ उजाडलं, कपूर आयोगाचा अहवाल आला तेव्हा. तोही कशामुळे, तर पुण्यात नोव्हेंबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या सुटकेनंतर सत्यविनायकाची पूजा घातली गेली आणि तिथे ग. वि. केतकर आपल्याला खुनाचा बेत आधीच ठाऊक होता असं बोलून गेले, त्या गदारोळामुळे. अहवाल छापील आहे, कुणीही वाचावा. तरी गांधीजींना चौथी गोळी दुसऱ्याच कुणी मारली ही कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीच, २०१८ मध्ये न्यायालयानं ती याचिका फेटाळली. पण तिथे म्हणायला निदान एक जागा आहे: हे बघा पान, हे बघा साक्ष. आणि आज? आयबी आणि रॉ या दोन्ही संस्था माहिती अधिकार कायद्याच्या चोविसाव्या कलमानुसार त्या कायद्याबाहेर आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारींपुरता काय तो अपवाद. पंचवीस वर्षांनी त्यांच्या फायली आपोआप उघडतील, असं बांधून ठेवणारी तारीख आपल्याकडे नाही.

केनेडींच्या फायलींत मला सगळ्यात जास्त खुपतं ते प्रकरण जॉर्ज जोआनिडीस यांचं. १९६३ मध्ये हे गृहस्थ सीआयएच्या मायामी ठाण्यावर प्रचारयुद्धाचं काम बघत. कॅस्ट्रोविरोधी क्यूबन विद्यार्थ्यांची एक संघटना त्यांच्या पैशांवर चाले. त्याच संघटनेच्या माणसांशी ऑगस्ट १९६३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर ऑस्वाल्डची झटापट झाली होती. आणि खुनाच्या दुसऱ्याच दिवशी याच विद्यार्थ्यांनी ऑस्वाल्ड आणि कॅस्ट्रो यांचे चेहरे शेजारी शेजारी छापून विशेष अंक काढला. केनेडी खुनातला छापून आलेला अगदी पहिला कटाचा सिद्धांत सीआयएच्या पैशांवर पोसलेल्या संघटनेचा होता.

१९७८ मध्ये प्रतिनिधिगृहाची समिती खुनाची नव्यानं चौकशी करत होती तेव्हा तिला कागद पुरवायला सीआयएनं नेमला तो अधिकारी हाच. समितीचे मुख्य वकील रॉबर्ट ब्लेकी यांना त्याचा पूर्वेतिहास कुणी सांगितला नाही. फार वर्षांनी कळल्यावर ते म्हणाले, हे ठाऊक असतं तर मी या माणसाला कागद आणायला नव्हे, शपथेवर जबानी द्यायला बोलावलं असतं. जोआनिडीस यांना १९८१ मध्ये सीआयएनं पदक दिलं.

विद्यार्थ्यांना विचारलं की ते म्हणत, आम्हाला भेटायला यायचा त्याचं नाव हॉवर्ड. नव्वदच्या दशकात १९९२ च्या कायद्यातल्या त्या मंडळानं सीआयएकडे या हॉवर्डची विचारणा केली, तर उत्तर आलं की असा कुणी सापडत नाही, कदाचित ते माणसाचं नाव नसून कागद कुणीकडे धाडायचा याची नुसती खूण असेल. पत्रकार जेफर्सन मॉर्ले यांनी २००३ मध्ये कोर्टात दावा लावला, तो पंधरा वर्षं चालला. मग जुलै २०२५ मध्ये जोआनिडीस यांच्या फायलीतली आणखी पानं सुटली. त्यात खुनाबद्दल काही नव्हतं. जानेवारी १९६३ चा एक कागद होता, हॉवर्ड गेबलर या खोट्या नावानं त्यांना द्यायच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा.